अकरा महिने रोटीविना : इब्न बतूताच्या सफरनाम्यातील अन्नपाणी

इब्न बतूता हे नाव आपल्या वाचकांना नवे नाही. मुहम्मद बिन तुघलकाच्या धड्यात तो शाळेतच भेटतो. दिल्लीचा काझी, सुलतानाच्या लहरी स्वभावाचा साक्षीदार, दौलताबादच्या कहाणीचा एक सांगणारा, एवढी त्याची ओळख बहुतेकांना पुरते. त्यापुढे जाऊन ज्यांनी त्याचा सफरनामा वाचला, ते त्यातले सुलतान, रस्ते, मशिदी, बाजार आणि चमत्कारकथा यांविषयी बोलतात. एक गोष्ट मात्र आपल्याकडच्या चर्चेत सहसा येत नाही. हा माणूस जवळजवळ तीस वर्षे परमुलखात जेवला. काय जेवला, काय घशाखाली उतरले नाही, कशाने आजारी पडला, कशाची सवय झाली आणि कशाची शेवटपर्यंत झाली नाही, हे त्याने जागोजाग सांगून ठेवले आहे. या नोंदी मजेशीर माहिती म्हणून बाजूला काढल्या जातात. माझ्या मते या सफरनाम्याचा सर्वांत प्रामाणिक भाग तोच आहे, आणि मराठी मुसलमान वाचकाने हे पुस्तक त्याच बाजूने वाचायला घ्यावे.

आधी पुस्तकाविषयी थोडे. इब्न बतूता १३०४ साली मोरोक्कोतल्या तंजा शहरात जन्मला. १३२५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो हजसाठी घराबाहेर पडला आणि १३४९ साली मायदेशी परतला. त्यानंतरही अंदलुस आणि मग सहारा ओलांडून माली असा त्याचा प्रवास झालाच. अखेर मोरोक्कोचा सुलतान अबू इनान याच्या हुकमावरून त्याने आपल्या आठवणी सांगितल्या, त्या इब्न जुझय्य नावाच्या साहित्यिकाने लिहून काढल्या, आणि १३५५ साली ग्रंथ पुरा झाला. म्हणजे हे रोजनिशीवरून लिहिलेले पुस्तक नव्हे, ते सांगितलेले पुस्तक आहे. त्यात शाम आणि हिजाजची काही वर्णने इब्न जुबैर या आधीच्या प्रवाशाच्या पुस्तकातून उचललेली आहेत, हे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. चीनच्या प्रवासाविषयीही शंका घेतल्या गेल्या आहेत. मग अन्नाच्या नोंदींवर तरी भरवसा का ठेवावा, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. मशिदीचे वर्णन दुसऱ्याच्या पुस्तकातून घेता येते. घशाखाली न उतरलेल्या घासाची आठवण उसनी घेण्याचे कुणालाच कारण नसते. शिवाय या नोंदींत इब्न बतूता थोर दिसत नाही. कुठे चिडका दिसतो, कुठे लाचार, कुठे उद्धट. स्वतःला लहान करणारी गोष्ट माणूस खोटी रचून सांगत नाही.

परक्या अन्नाशी त्याची पहिली भेट नेहमी तुलनेतून होते. हिंदुस्थानात त्याने खिचडी पाहिली. मूग आणि तांदूळ एकत्र शिजवायचे, वर तूप घालायचे आणि सकाळी खायचे. तो लिहितो की मगरिबात जसा हरीरा, तशी यांची खिचडी. आता हरीरा हे पातळ पेय, खिचडी घट्ट. चवीच्या दृष्टीने दोन्हींत साम्य शोधणे कठीण. मग तुलना कशाची? तुलना दिवसातल्या जागेची आहे. पोटाला पहिला आधार देणारी गोष्ट कोणती, हे त्याने ओळखले आणि तिच्या जागी आपल्याकडची वस्तू ठेवून पाहिली. कैरीच्या लोणच्याविषयीही तो तसेच सांगतो, आमच्याकडे लिंबाचे घालतात तसे हे घालतात. ओमानच्या किनाऱ्यावरच्या जफारमध्ये तो नारळाचे वर्णन करतो, तेव्हा त्याला त्यात माणसाचे डोके दिसते, दोन डोळे आणि तोंड असलेले. अनोळखी वस्तूला ओळखीच्या वस्तूचे बोट धरून घरात आणायचे, ही त्याची रीत.

या रीतीचा सर्वांत सुंदर नमुना आपल्याच मुलखात सापडतो. नंदुरबारच्या मराठ्यांविषयी तो लिहितो की यांतले वरिष्ठ लोक भात, भाजी आणि तिळाचे तेल खातात, जिवाला इजा करणे त्यांना आवडत नाही, आणि जेवणाआधी ते अशी आंघोळ करतात जशी आपण जनाबतचा गुस्ल करतो. सोवळे हा शब्द त्याला ठाऊक नव्हता. पण पाणी घेऊन शुद्ध होण्याची कल्पना त्याच्या स्वतःच्या शरिअतीत होती, त्या शब्दात त्याने दुसऱ्याचा आचार बसवला. हेटाळणी नाही, कौतुकाचा पूरही नाही. तुमच्यात हे आहे, आमच्यात याच्या जागी ते आहे, एवढेच. परधर्मीयांच्या चालीरीतींविषयी लिहिताना आजही आपल्याला हे जमतेच असे नाही.

तुलना करणे मात्र डोळ्यांचे काम आहे. जिभेची पाळी आली की गोष्ट अवघड होते. दक्षिण रशियाच्या गवताळ प्रदेशात, उझबेग खानाच्या छावणीत, थोरल्या खातूनने त्याला स्वतःच्या हाताने कुमिझचा, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, पेला दिला. तिच्या समाजात पाहुण्याचा याहून मोठा सन्मान नाही. त्याने ते याआधी कधी प्यायले नव्हते. नाही म्हणता येईना. चव घेतली, आवडले नाही, आणि पेला सोबत्याकडे सरकवला. त्याच मुलखात बाजरीसारख्या धान्यापासून केलेले आंबट पेय समोर आले, तेव्हा त्याने चौकशी केली. ते लोक हनफी, त्यांच्या मजहबात ते चालते. हा मालिकी. त्याने ते बाजूला ठेवले, आणि त्यांना चालते असे लिहूनही ठेवले. दोन्ही मुसलमान, दोन्ही नमाजी, आणि एकाच प्याल्याविषयी दोघांचे दोन निर्णय. एका उम्मतीत एकच दस्तरखान असतो असे समजणाऱ्याने हा प्रसंग जरूर वाचावा.

गंमत अशी की याच छावणीत आरसा उलटाही फिरतो. इब्न बतूताच्या एका सोबत्याने मिठाई केली होती. ती त्याने उझबेग खानापुढे ठेवली. खानाने एक बोट टेकवले, ते तोंडात घातले, आणि बस्स. तुर्कांना गोड खाणे कमीपणाचे वाटे. मुलेनातवंडे मिळून चाळीस जणांचे कुटुंब असलेल्या एका गुलामाला खान म्हणाला होता की मिठाई खा, तुम्हा सगळ्यांना मोकळे करतो. त्याने नकार दिला, मारून टाकलेत तरी खाणार नाही म्हणाला. कुमिझपुढे इब्न बतूता जसा अवघडला, तसाच मिठाईपुढे खान अवघडला. परके अन्न ही केवळ प्रवाशाची अडचण नसते. यजमानाच्या दृष्टीने पाहुण्याचे अन्नही परकेच असते. लेखकाने हे दोन प्रसंग जवळजवळ ठेवले ते मुद्दाम की सहज, सांगता येत नाही, पण वाचताना दोघांविषयीही सहानुभूती वाटते.

पुढचा प्रसंग आजच्या वाचकाला थांबवतो. काळ्या समुद्राच्या काठच्या सिनोप शहरात इब्न बतूता आणि त्याचे सोबती मालिकी पद्धतीने हात सोडून नमाज पढत. तिथले लोक हनफी, हात बांधणारे. हिजाज आणि इराकमधल्या शियांना त्यांनी हात सोडून नमाज पढताना पाहिले होते. त्यामुळे हे पाहुणे शिया असावेत असा संशय आला. समजावून सांगितले तरी तो फिटेना. अखेर सुलतानाच्या नायबाने त्यांच्याकडे एक ससा पाठवला आणि हे काय करतात ते पाहायला नोकर ठेवला, कारण शिया ससा खात नाहीत. यांनी तो हलाल केला, शिजवला, खाल्ला. नोकराने जाऊन सांगितले, आणि संशय फिटला. इल्म, कुराणाचे पाठांतर, काझीच्या घराण्याची परंपरा, यांपैकी काहीच कामाला आले नाही. सशाच्या कालवणाने साक्ष दिली.

ताटात काय आहे ते पाहून माणूस कोण हे ठरवायचे, ही सवय सहाशे-सातशे वर्षांपूर्वीच्या सिनोपपुरती नव्हती, हे आपल्याला कुणी सांगायला नको. आपल्याकडे डब्यातल्या मांसावरून माणसाची परीक्षा बाहेरचे लोक घेतात. पण सिनोपचा परीक्षक बाहेरचा नव्हता. तो कलमा पढणारा होता, आणि परीक्षा दुसऱ्या कलमा पढणाऱ्याची होती. आपल्या घरातही अशा परीक्षा चालतात. कोकणातल्या मुसलमानाने भात आणि माशाचे कालवण खाल्ले, विदर्भ-मराठवाड्यातल्या मुसलमानाने ज्वारीची भाकरी आणि पिठले खाल्ले, की ते 'आपले' खाणे नव्हे असे सुचवणारे लोक आपल्यातच भेटतात. आपले म्हणजे बिर्याणी आणि शीरखुर्मा, बाकी सगळे शेजाऱ्याचे! इब्न बतूता अशा माणसाच्या उपयोगाचा नाही, कारण तो जेवढे मुसलमान मुलूख फिरला, तेवढी निराळी ताटे त्याने पाहिली.

त्यांतले एक ताट आपल्या दाराशीच आहे. गोव्याच्या खाली, कारवारपलीकडे होन्नावर. तिथे सुलतान जमालुद्दीन राज्य करीत होता. प्रजेतले मुसलमान शाफई, जसे आपले कोकणी मुसलमान आहेत. त्या शहरात मुलींचे तेरा आणि मुलांचे तेवीस मकतब इब्न बतूताने मोजले, आणि तिथल्या स्त्रियांना कुराण मुखोद्गत असल्याचे लिहिले. सुलतानाच्या जेवणाचे त्याने केलेले वर्णन कोकणातल्या कुणालाही ओळखीचे वाटेल. आधी पळीभर भात, त्यावर तूप, बाजूला मिरीचे, आल्याचे, लिंबाचे आणि कैरीचे लोणचे. घासागणिक लोणचे तोंडी लावायचे. मग पुन्हा भात आणि कोंबडी. मग पुन्हा भात आणि मासे. मग भाज्या. शेवटी दही, ते आले की जेवण संपले असे समजायचे. आणि वरून कोमट पाणी, कारण पावसाळ्यात थंड पाणी बाधते. पावसाळ्याचे हे कोमट पाणी वाचले की लेखक तिथे खरोखर राहिला होता याविषयी शंका उरत नाही.

वर्णन इतके रसाळ आहे की वाचकाला वाटावे, हा जेवणावर खूश आहे. आणि लगेच पुढे तो सांगतो की या सुलतानाकडे आपण दुसऱ्या खेपेला अकरा महिने होतो, तेवढ्या काळात रोटी खाल्ली नाही, कारण यांचे अन्न भात. मग तो हिशेब वाढवतो. मालदीव, सिलोन, कोरोमंडल आणि मलबार मिळून तीन वर्षे आपण निव्वळ भातावर काढली, आणि शेवटी भात पाण्याबरोबर गिळावा लागे, एरवी घशाखाली उतरत नसे.

साऱ्या सफरनाम्यात मला हे वाक्य सर्वांत मोलाचे वाटते. त्यात तक्रार नाही. भात वाईट होता असे तो म्हणत नाही, यजमानाने हयगय केली असेही नाही. यजमान उदार, पंगत थाटाची, मजहब जवळचा, शहर दीनदार. तरीही घास अडतो. गव्हाच्या आणि जवाच्या रोटीवर वाढलेल्या माणसाला भात हे जेवण वाटतच नाही. तीन वर्षांनीही नाही. आपल्याकडे याची उलटी बाजू घरोघर माहीत आहे. उकड्या तांदळाच्या भातावर आणि तांदळाच्या भाकरीवर वाढलेला रत्नागिरी-रायगडचा तरुण कुवेत-मस्कतला गेला की त्याच्यापुढे खुबूस येतो, लबन येते, लांब दाण्याच्या तांदळाचा मजबूस येतो. सगळे हलाल, सगळे पौष्टिक. पोट भरते, पण जेवल्यासारखे वाटत नाही. 'जेवल्यासारखे वाटत नाही' हे आपले साधे वाक्य इब्न बतूताच्या त्या भाताच्या आणि पाण्याच्या नोंदीचे भाषांतरच आहे.

याच किनाऱ्यावर त्याने आणखी एक ताट पाहिले. मलबारच्या रस्त्यावर अर्ध्या-अर्ध्या मैलावर विसाव्याची जागा, तिथे पाणी देणारा माणूस. हिंदू वाटसरूला तो भांड्यातून पाणी देई, मुसलमानाच्या ओंजळीत वरून ओती. मुसलमानाचे घर वाटेत नसेल तर तिथले लोक त्याला शिजवून देत, पण केळीच्या पानावर वाढून. आपल्या भांड्यात ते त्याला जेवू देत नसत. आणि तरीही, तो सांगतो, त्या मुलखात मुसलमानांना मोठा मान होता. मान आणि विटाळ एकाच वेळी कसे नांदतात हे त्याने शांतपणे टिपले आहे. यावर भाष्य त्याने केले नाही. आपल्या दलित आणि मुस्लिम आत्मकथनांच्या वाचकाला त्या ओंजळीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

इथवर इब्न बतूता पाहुणा आहे. मालदीवमध्ये तो काझी झाला, आणि तिथे त्याच्या लेखनाचा सूर पालटतो. अन्नाचे वर्णन तसेच बारकाईचे आहे. मासळीचे चार तुकडे करायचे, थोडे उकडायचे, माडाच्या झावळ्यांच्या टोपल्यांत ठेवून धुरी द्यायची, वाळली की खायची. ही मासळी हिंदुस्थान, चीन आणि यमनपर्यंत जाई. नारळाचे दूध, तेल, मध. पण तिथल्या बायका नवऱ्याबरोबर जेवत नाहीत, बायको काय जेवते हे नवऱ्याला ठाऊकही नसते, हे त्याला खटकले. त्याने तिथे अनेक निकाह केले. काही बायका त्याच्या आग्रहाने बरोबर जेवल्या, काही नाहीच जेवल्या. त्यांना जेवताना पाहण्यासाठी त्याने युक्त्या केल्या, त्या फसल्या.

इथे टीकाकाराने थांबून विचारले पाहिजे. उझबेग खानाच्या छावणीत न आवडलेला पेला गुपचूप सरकवणारा माणूस इथे दुसऱ्याची जेवणाची रीत बदलायला निघाला, तो कशाच्या जोरावर? पदाच्या. परदेशात अन्नाशी जुळवून घेणे हे दुबळ्याचे काम असते. अधिकार हातात आला की माणूस दुसऱ्याने जुळवून घ्यावे असे मागतो. त्या बायका त्याच्या दृष्टीआड काय जेवल्या, त्यांना या परदेशी काझीचे जेवण कसे वाटले, हे पुस्तकात नाही. तीन वर्षांचा भात कुणी शिजवला, हेही नाही. त्याच्याबरोबर दासी होत्या, त्यांतल्या कित्येक स्वतःच्या मुलखापासून तुटलेल्या. होन्नावरला भात वाढणारी रेशमी वस्त्रातली दासी दिसते, पण ती काय जेवते ते दिसत नाही. या सफरनाम्याची ही मोठी उणीव आहे.

एके ठिकाणी मात्र ती थोडी भरून निघते. १३५२ साली मालीला जाताना तो सहारातल्या तगाझा गावी पोचला. घरे आणि मशीद मिठाच्या दगडांची, छपरे उंटाच्या कातड्याची, झाड औषधालाही नाही. मिठाच्या खाणीत राबणारे गुलाम तिथे राहत. त्यांचे खाणे काय? मोरोक्कोच्या बाजूने आलेला खजूर, दक्षिणेकडून आलेली बाजरी, आणि उंटाचे मांस. त्या जमिनीत उगवलेला दाणाही त्यांच्या तोंडात जात नव्हता. इब्न बतूता तिथे दहा दिवस राहिला आणि खाऱ्या पाण्याला, माश्यांना वैतागला. ज्यांना दहा दिवसांनी निघून जाता येत नव्हते त्यांच्याविषयी तो फार बोलत नाही, पण त्यांचे खाणे त्याने नोंदवले, आणि त्या एका ओळीतून त्यांचे अख्खे आयुष्य दिसते.

मालीच्या प्रवासात मात्र इब्न बतूता सर्वांत वाईट पाहुणा ठरला. वलाता गावी यजमानाने अर्ध्या भोपळ्याच्या भांड्यात भरडलेली बाजरी, थोडा मध आणि दूध घालून दिली. एवढ्यासाठी का आम्हाला बोलावले, असे त्याने विचारले. सोबत्यांनी सांगितले की यांच्याकडे हाच मोठा पाहुणचार. या लोकांकडून काही भले होणार नाही अशी त्याची खात्री झाली. पुढे वाटेत बाया तांदूळ, कोंबड्या, दूध विकायला आणीत, आणि मोहरीएवढ्या दाण्याचे एक धान्य, ज्याचा कुसकुस होई. तांदूळ आपल्यासारख्यांना बाधतो, त्यापेक्षा हे धान्य बरे, असा सल्ला तो देतो. मला हा सल्ला फार बोलका वाटतो. धान्य परके, पण पदार्थ घरचा, म्हणून ते बरे. तीन वर्षे भातावर राहिलेला माणूस तांदळाविषयीचा संशय अजून विसरला नव्हता.

मग दुर्दैव ओढवले. मालीच्या राजधानीत पोचल्यावर दहा दिवसांनी त्यांनी अळूच्या कांद्यासारख्या एका कंदाची लापशी खाल्ली. तिथले लोक ती आवडीने खातात. दुसऱ्या दिवशी सहाही जण आजारी पडले, त्यांतला एक मेला. इब्न बतूता फज्रच्या नमाजात बेशुद्ध पडला. एका मिसरी माणसाने मुळीचे औषध दिले, उलटी झाली, जीव वाचला, पण आजार दोन महिने राहिला. परदेशातले अन्न ही केवळ आवडीनिवडीची गोष्ट नाही, त्यात जीवही जातो, हे इतक्या कमी शब्दांत क्वचितच कुणी सांगितले असेल.

त्यानंतर मन्सा सुलैमानची भेट आली. उठा, सुलतानाची भेट आली, असे कुणी सांगत आले. याला वाटले खिलअत असेल, रोख रक्कम असेल. पाहतो तो तीन गोल रोट्या, तेलात तळलेला गोमांसाचा तुकडा आणि भोपळ्यात आंबट दूध. तो हसला, आणि या लोकांच्या बुद्धीला नावे ठेवली. पुढे भर दरबारात सुलतानाला त्याने सुनावले की मी जग फिरलो, राजे पाहिले, तुझ्याविषयी मी त्यांना काय सांगू? तेव्हा त्याला घर आणि खर्ची मिळाली.

बहुतेक वाचक या प्रसंगाला हसतात. मला हसता येत नाही. अकरा महिने रोटीविना काढल्याचे सांगणाऱ्या माणसापुढे रोट्या आल्या होत्या. दोन महिन्यांच्या दुखण्यातून उठलेल्याला दही-दुधासारखे सोसणारे अन्न आले होते. सुलतानाने हे जाणून पाठवले असेल असे मी म्हणत नाही. पण यजमानाच्या देशात जे मोलाचे, ते त्याने दिले. पाहुण्याने ते दिल्लीच्या दरबाराच्या तराजूत तोलले. होन्नावरला जिभेने अडचण केली होती, मालीत अपेक्षेने केली. पहिली क्षम्य आहे, दुसरी नाही. त्याच मालीत नमाजाची शिस्त, रस्त्यांवरची सुरक्षितता आणि न्याय यांची त्याने मोकळेपणाने स्तुती केली आहे. म्हणजे डोळे उघडे होते, हात मात्र आखडला होता.

शेवटी घर. परतल्यावर तो मगरिबच्या अन्नाची तारीफ करतो. मिसरात लोक मसूर, हरभरे, भोपळा, अळूचे कांदे खातात, आमच्याकडे हे सगळे मिळते, पण मांस, तूप, लोणी, मध एवढे मुबलक की तिकडे कोण बघतो, अशा अर्थाचे तो सांगतो. हे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पुस्तक सुलतान अबू इनानच्या हुकमाने झाले; देशाच्या ताटाची स्तुती ही धन्याची स्तुतीही आहे. आणि गरिबाच्या मसुरीकडे पाहण्याची दृष्टी दरबारी आहे. तरी त्यात एक खरा सुस्काराही आहे. मक्का, दिल्ली, मालदीव, सगळीकडे तो या घरच्या तराजूनेच मोजत होता, हे इथे उघड होते.

रॉस डन या इतिहासकाराने १९८६ साली लिहिलेल्या त्याच्या चरित्रात असे दाखवले आहे की इब्न बतूता परक्या जगात फिरलाच नाही. तो एका विशाल इस्लामी जगाचा नागरिक होता, जिथे अरबी भाषा, शरिअतीचे ज्ञान आणि उलेमांचे नाते त्याला कुठेही घर मिळवून देई. हे खरे आहे, पण ते दस्तरखान अंथरेपर्यंत. काझीपद एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेता येते, नमाज नेता येते, जीभ मात्र तंजातच राहते. धर्माने त्याला दारे उघडून दिली. आतल्या घासाशी त्याला स्वतःलाच झगडावे लागले. ईमान एक आणि अन्न अनेक, यात विरोध नाही, हे त्याने कुठेही तत्त्वज्ञान म्हणून सांगितले नाही, पण त्याच्या प्रत्येक जेवणातून ते सिद्ध होते.

आपल्या लेखकांनी यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. आपल्यातून हजारो लोक आखातात गेले, जहाजांवर गेले, हजला तर दरसाल जातात. त्यांच्या आठवणी छापल्या जातात तेव्हा इमारती येतात, जियारतीची ठिकाणे येतात, डोळ्यांतले पाणी येते. ताट येत नाही. मुकद्दस भूमीतले अन्न आवडले नाही असे लिहिणे बेअदबी वाटते, आणि नोकरीच्या देशातल्या मेसविषयी लिहिणे क्षुल्लक वाटते. मग सामानातली लोणच्याची बरणी, सुक्या बांगड्याची पुडी, एका खोलीत राहणाऱ्या आठ जणांनी स्वयंपाकाची लावलेली पाळी, आयुष्यात प्रथमच चूल पेटवणारा पुरुष, हे सगळे साहित्यात यायचे राहूनच जाते. त्यातच आपल्या माणसाचे परदेश आहे. आणि इब्न बतूताने जे टाळले, ते आपल्याला टाळण्याचे कारण नाही. घर सोडून नवऱ्यामागे गेलेल्या आपल्या बहिणीने त्या परक्या ओट्यावर काय शिजवले आणि ती स्वतः काय जेवली, हे तिने लिहावे.

मक्का-मदिना पाहिलेला, चार मजहबांच्या उलेमांत बसलेला, दिल्लीचा काझी झालेला एक दीनदार माणूस निःसंकोच सांगतो की मुसलमान भावाच्या घरचा भात मला पाण्याबरोबर गिळावा लागला. त्याने त्याचे ईमान उणे झाले नाही, की त्या सुलतानाची मेहमाननवाजीही उणी ठरली नाही. एवढे जरी आपल्या परीक्षकांना, आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही, पटले, तरी बरेच काम होईल.